छपरावरचा हिममानव आणि शेजाऱ्यांची नजर : जॉन ग्रिशॅम यांच्या ‘स्किपिंग ख्रिसमस’ची चिकित्सा

प्रास्ताविक

जॉन ग्रिशॅम हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते न्यायालयीन कादंबऱ्यांचे लेखक म्हणून. ‘अ टाइम टु किल’ (१९८९) आणि ‘द फर्म’ (१९९१) या कादंबऱ्यांनी त्यांची जी प्रतिमा निर्माण केली, तिच्या चौकटीत न बसणारी त्यांची दोन पुस्तके २००१ या एकाच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली : ‘अ पेंटेड हाउस’ आणि ‘स्किपिंग ख्रिसमस’. पहिली गंभीर, आत्मचरित्राच्या कडेने जाणारी कादंबरी म्हणून समीक्षकांच्या आदराला पात्र ठरली. दुसरीकडे मात्र सणासुदीला वाचून बाजूला ठेवायची हलकीफुलकी गोष्ट म्हणून पाहिले गेले. २००४ मध्ये जो रॉथ यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ख्रिसमस विथ द क्रँक्स’ हा चित्रपट तिच्यावरून निघाला आणि तिच्यावरचा ‘करमणूक’ हा शिक्का अधिकच पक्का झाला.

प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. घराची बाहेरची बाजू नेमकी कोणाची, घरमालकाची की ती रोज पाहणाऱ्या शेजाऱ्यांची, हा प्रश्न या छोटेखानी कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे आणि तो मुळीच हलका नाही. नाताळात घर बाहेरून सजवणे ही वरवर पाहता ऐच्छिक, आनंदाची कृती. परंतु ती न करण्याचे स्वातंत्र्य उरले नसेल, तर तिला ऐच्छिक कसे म्हणावे? ग्रिशॅम यांनी हा प्रश्न धीटपणे उभा केला आणि मग तो सोडवण्याऐवजी त्याची सोडवणूक टाळली, असे येथे दाखवावयाचे आहे.

कथानकाचा आराखडा

ल्यूथर क्रँक हा एका मध्यमवर्गीय अमेरिकन उपनगरातील करसल्लागार. त्याची एकुलती मुलगी ब्लेअर ‘पीस कोअर’ या स्वयंसेवी योजनेतून पेरू देशात जाते. मुलीविना येणाऱ्या पहिल्या नाताळाचा हिशेब मांडताना ल्यूथरच्या लक्षात येते, की मागील वर्षी या सणावर आपण ६,१०० डॉलर खर्च केले आणि त्यातून हाती टिकाऊ असे काहीच उरले नाही. त्याच्या निम्म्या खर्चात कॅरिबियन समुद्रात दहा दिवसांची सफर होऊ शकते. पत्नी नोरा हिला तो कशीबशी राजी करतो. झाड नाही, भेटी नाहीत, मेजवानी नाही, आणि छपरावर ‘फ्रॉस्टी’ नाही.

शेवटच्या नकारावर कथानकाची सारी मदार आहे. हेमलॉक स्ट्रीट या त्यांच्या रस्त्यावर प्रत्येक घराच्या छपरावर दरवर्षी फ्रॉस्टी नावाचा आठ फूट उंचीचा, आतून उजळणारा हिममानव चढवला जातो. शहरातील सजावट-स्पर्धेत या रस्त्याची प्रतिष्ठा पणाला लागलेली असते. व्हिक फ्रोमेयर हा शेजारी या प्रथेचा स्वयंनियुक्त कारभारी. क्रँक दांपत्याचे घर अंधारात राहणार, ही बातमी पसरताच आर्जवे, टोमणे, दारापुढची गाणी, मुलांची घोषणाबाजी अशा चढत्या क्रमाने दबाव वाढत जातो. नाताळच्या आदल्या दिवशी ब्लेअरचा फोन येतो : ती आपल्या पेरूवासी वाग्दत्त वराला घेऊन त्याच संध्याकाळी घरी पोहोचते आहे. मग सारे उलटते. ल्यूथर घाईघाईने फ्रॉस्टी घेऊन छपरावर चढतो, घसरतो आणि लोंबकळत राहतो. अखेर ज्या शेजाऱ्यांना त्याने दुखावले, तेच धावून येऊन त्याची लाज राखतात.

वर्गणी, प्रथा आणि कायद्याची अनुपस्थिती

कादंबरीच्या पूर्वार्धात क्रँकांच्या दाराशी एकामागून एक माणसे येतात. बालवीर झाडे विकतात, पोलीस दिनदर्शिका विकतात, अग्निशामक दलाचे जवान फ्रूटकेक विकतात. हे सारे सत्कार्यासाठी असते आणि आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले नसते. मराठी वाचकाला या प्रसंगांचे भाषांतर करून देण्याची गरज नाही. ‘वर्गणी’ हा एकच शब्द पुरेसा आहे. पावतीपुस्तक घेऊन दाराशी आलेल्या चार ओळखीच्या चेहऱ्यांना नकार देताना जो संकोच वाटतो, तो रकमेचा नसतो. आपण ‘आपल्यांतले’ आहोत की नाही, याची ती तपासणी असते. ग्रिशॅम यांनी हा संकोच आणि त्यावर मात करताना ल्यूथरला होणारा किंचित दुष्ट आनंद फार नेमकेपणाने टिपला आहे. कादंबरीचा हा भाग सर्वांत सकस आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. आयुष्यभर कायद्याविषयी लिहिणाऱ्या या लेखकाने या कादंबरीत कायदा जवळजवळ अनुपस्थित ठेवला आहे. फ्रॉस्टी बसवलाच पाहिजे, असा नियम कोठेही नाही. ल्यूथरविरुद्ध दावा दाखल करता येत नाही. नेमके म्हणूनच त्याच्या बाजूने बचावही करता येत नाही. नियम असता तर त्याला आव्हान देता आले असते. प्रथेला आव्हान देण्यासाठी न्यायासनच नसते. तेथे वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच : समोरच्या खिडकीतून पाहणारा शेजारी.

या संदर्भात प्रत्यक्षातील एका खटल्याचे स्मरण उपयुक्त ठरेल. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे जेनिंग्ज ऑस्बोर्न या उद्योजकाने मुलीच्या हौसेखातर १९८६ मध्ये सुमारे हजार दिव्यांनी सुरू केलेली नाताळची रोषणाई पुढे लाखोंच्या घरात गेली. पाहणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबू लागला. शेजाऱ्यांनी १९९३ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल शेजाऱ्यांच्या बाजूने कायम केला. पुढे ही रोषणाई फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात गेली. १९९५ पासून जानेवारी २०१६ पर्यंत ती तेथे दिसत राहिली. ग्रिशॅम यांचा जन्म आर्कान्साचाच. तरीही या प्रकरणाचा कादंबरीशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा तार्किक आहे. दिव्यांचा अतिरेक झाला, तर ‘उपद्रव’ या कायदेशीर संकल्पनेत तो बसवता येतो : वाहतूक अडली, झोप मोडली, हे मोजता येते. परंतु एका घराचा अंधार कोणाचे काय बिघडवतो? त्यातून होणारी हानी केवळ भावनिक आणि सामूहिक असते. ऑस्बोर्न यांच्या घराने ‘अधिक’ केले आणि न्यायालय मध्ये पडले. क्रँकांच्या घराने ‘उणे’ केले आणि मध्ये पडायला कोणीच नव्हते. कायद्याची जेथे सीमा संपते, तेथून ग्रिशॅम यांची ही कादंबरी सुरू होते, असे म्हणता येईल.

फ्रॉस्टीचे चिन्हशास्त्र

छपरावर चढवायचे चिन्ह म्हणून लेखकाने हिममानवाची निवड केली, ही बाब अर्थपूर्ण आहे. नाताळच्या बाह्य सजावटीत पारंपरिकरीत्या दोन चिन्हे प्रमुख : बेथलेहेमचा तारा आणि गव्हाणीतील जन्मदृश्य. दोन्हींना शुभवर्तमानातील कथेचा आधार आहे. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरेव्हियन पंथीयांचा अनेक टोकांचा कागदी तारा एकोणिसाव्या शतकात शाळेतील भूमितीच्या पाठातून जन्मला आणि पुढे जगभर पोहोचला. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत सज्जात किंवा अंगणात टांगलेला तारा आणि दारापुढे मांडलेला गोठा हीच नाताळची ओळख आहे. ‘नाताळ’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द मराठीत जसा मुरला, तसाच हा ताराही आकाशकंदिलाच्या शेजारी सहज नांदतो. ताऱ्याचे कार्य वाट दाखवण्याचे. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना त्याने वाट दाखवली. म्हणून घराबाहेर टांगलेला तारा वाटसरूला उद्देशून असतो.

फ्रॉस्टीला अशी कोणतीही कथा नाही. तो १९५० मधील एका लोकप्रिय गाण्यातून जन्मला आणि १९६९ च्या दूरचित्रवाणी-पटाने घरोघरी गेला. त्यात जन्मोत्सवाचा संदर्भ नाही. हा हिममानव सर्वांना चालतो, आणि हीच त्याची ताकद व धोका आहे. धार्मिक चिन्हाला धार्मिक कारणाने नकार देता येतो, ‘माझी श्रद्धा वेगळी’ असे म्हणता येते. हसऱ्या हिममानवाला नाकारण्यासाठी कोणती श्रद्धा पुढे करणार? जो त्याला नाकारील, तो केवळ खडूस ठरतो. श्रद्धेचा आशय जसजसा गळून पडतो, तसतशी सक्ती सौम्य न होता उलट अधिक घट्ट होते, हे निरीक्षण या कादंबरीतील सर्वांत मौलिक निरीक्षण मानावे लागेल. दुर्दैवाने ते लेखकाने जाणीवपूर्वक विकसित केलेले नाही. ते कथेच्या रचनेतून वाचकाने वेचून घ्यावे लागते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ (१८९९) या ग्रंथात मांडलेली दिखाऊ उपभोगाची संकल्पना येथे लावून पाहण्याचा मोह होतो. परंतु ती पुरी पडत नाही. दिखाऊ उपभोगात माणूस शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसू पाहतो. ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’ (१९८९) या चित्रपटातील क्लार्क ग्रिसवॉल्ड पंचवीस हजार दिव्यांनी घर मढवतो, तेव्हा व्हेब्लेन यांची आठवण यथार्थ ठरते. हेमलॉक स्ट्रीटवरचे हिममानव मात्र एकसारखे आहेत. तेथे कोणाला वेगळे दिसायचे नाही, सर्वांनी सारखेच दिसायचे आहे. स्पर्धा आहे, पण ती रस्त्याची रस्त्याशी. रस्त्याच्या आत तिचे रूपांतर शिस्तीत झाले आहे. विद्युत रोषणाईच्या इतिहासातही ही दुहेरी प्रेरणा दिसते. १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरात विजेच्या रंगीत दिव्यांनी झाड उजळले, ते एका घराचे कौतुक होते. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय नाताळवृक्षाचे अडीच हजार दिवे लावले, तेव्हा तोच प्रकाश सामूहिक ओळखीचे चिन्ह झाला. घरापुढची रोषणाई या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी असते : जागा खाजगी, अर्थ सार्वजनिक.

डिकन्सचा दारठोका

नाताळविषयक कोणतीही इंग्रजी कथा चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) या कथेच्या छायेतच वाचली जाते. ल्यूथरला स्क्रूजचा वारसदार मानणे सोपे आहे. परंतु हा वारसा फसवा आहे. स्क्रूज खर्च करीत नाही. ल्यूथर खर्च करतो, फक्त दुसरीकडे. स्क्रूज माणसांना नाकारतो, ल्यूथर वस्तूंना. म्हणून स्क्रूजचे परिवर्तन नैतिकदृष्ट्या अटळ वाटते आणि ल्यूथरचे ‘परिवर्तन’ ही केवळ शरणागती वाटते.

या दोन कथांतील घरांची बाह्य बाजू पाहिली, तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. स्क्रूजच्या घराबाहेर सजावट नाही. तेथे आहे तो दारठोका, ज्यात त्याला मृत भागीदार मार्लीचा चेहरा दिसतो. तो चेहरा रस्त्यावरच्या कोणाला दिसत नाही, फक्त घरमालकाला दिसतो. परिवर्तनानंतर स्क्रूज त्याच दारठोक्यावरून मायेने हात फिरवतो. घराचा दर्शनी भाग येथे सदसद्विवेकाचा आरसा आहे. ग्रिशॅम यांच्या कादंबरीत याच्या नेमके उलट घडते. फ्रॉस्टी घरमालकाला दिसतच नाही, कारण तो त्याच्या डोक्यावर, छपरावर आहे. तो दिसतो केवळ इतरांना. डिकन्स यांच्या कथेत मन बदलल्याची खूण अंतरंगात उमटते, ग्रिशॅम यांच्या कथेत ती शेजाऱ्यांना मोजता येईल अशा ठिकाणी उमटावी लागते.

दोन सजावटी, दोन नीती

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अ पेंटेड हाउस’शी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. १९५२ मधील आर्कान्साच्या कापूस-शेतीवर आधारलेल्या त्या कादंबरीत सात वर्षांच्या ल्यूक चँडलरच्या घराला रंग दिलेला नाही, आणि बिनरंगाचे घर ही गरिबीची जाहीर खूण आहे. कापूस वेचायला आलेल्या डोंगरी मजूर कुटुंबातील ट्रॉट हा अपंग मुलगा गुपचूप ते घर रंगवू लागतो. पुढे ल्यूकही आपल्या कमाईचे पैसे रंगासाठी खर्च करतो. तेथेही घराची बाहेरची बाजूच बदलते आहे, तेथेही इतरांच्या नजरेचा प्रश्न आहे. पण ब्रश हाती घेणारा मुलगा कोणाच्या सांगण्यावरून तो घेत नाही आणि श्रेयही मागत नाही. म्हणून पांढऱ्या रंगाची प्रत्येक फळी दानासारखी वाटते. एकाच लेखकाने एकाच वर्षी घराच्या दर्शनी भागाकडे दोन विरुद्ध दिशांनी पाहिले आहे. एका पुस्तकात तो स्वखुशीने दिलेला सन्मान आहे, दुसऱ्यात वसूल केलेले देणे.

‘स्किपिंग ख्रिसमस’मध्येही असे दान आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. क्रँकांच्या समोरच्या घरात वॉल्ट शील आणि त्याची पत्नी बेव्ह राहतात. ल्यूथरचे आणि वॉल्टचे पटत नाही. बेव्ह कर्करोगाने आजारी आहे. नाताळच्या आदल्या रात्री क्रँकांच्या घरात पार्टी रंगात असताना ल्यूथर रस्ता ओलांडतो आणि आपल्या सफरीची तिकिटे त्या दोघांना देऊन टाकतो. संपूर्ण कादंबरीत खऱ्या अर्थाने नाताळची म्हणावी अशी ही एकमेव कृती आहे, आणि तिच्यावर एकही दिवा लागलेला नाही. स्क्रूजनेही क्रॅचिट कुटुंबाला टर्की पाठवली ती नाव न सांगता. येथे ग्रिशॅम क्षणभर डिकन्स यांच्या जवळ पोहोचतात. शेजाऱ्याच्या छपरावरचा हिममानव इतके दिवस ल्यूथरला शत्रूचा झेंडा वाटत होता. त्या उजळलेल्या छपराखाली दोन माणसे उद्याची काळजी करीत एकटी बसली आहेत, हे त्याला दिसते ते दार ठोठावल्यावरच. सजावट जितकी दाखवते तितकीच लपवते, हे सत्य या प्रसंगात न बोलता व्यक्त झाले आहे.

शेवटाची कोंडी

असे असूनही कादंबरीचा शेवट समाधान देत नाही. ल्यूथरचा युक्तिवाद चुकीचा ठरतो तो कोणी त्याचे खंडन केले म्हणून नव्हे, तर ब्लेअर घरी परतली म्हणून. ती परतली नसती तर? ६,१०० डॉलरचा हिशेब तेव्हाही बिनतोड राहिला असता आणि हेमलॉक स्ट्रीटची दमदाटीही तितकीच असमर्थनीय. योगायोगाने वाद मिटवला, की वाद जिंकण्याची जबाबदारी लेखकावर उरत नाही. ल्यूथरचे छपरावरून लोंबकळणे हे विनोदी दृश्य म्हणून प्रभावी आहे. परंतु त्यात प्रथा मोडणाऱ्याला भर रस्त्यात दिलेल्या शिक्षेची छटा आहे आणि वाचकाला त्यावर हसायला लावले जाते, हेही नजरेआड करता येत नाही.

शेजाऱ्यांच्या मदतीचा अर्थही दुहेरी आहे. मोडलेला संसार सावरायला रस्ता धावून येतो, हे खरे. एकटेपणाच्या काळात हे सामर्थ्य थोडे नव्हे, आणि अशी आळी लाभलेला माणूस भाग्यवान, असेच कोणीही म्हणेल. परंतु ही मदत येते ती फ्रॉस्टी छपरावर नेण्याचा प्रयत्न झाल्यावर. शरण न आलेल्या ल्यूथरसाठी हीच माणसे धावली असती का? हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. चित्रपटात तर हा प्रश्न पुरताच बुजवला आहे. तेथे मार्टी हे गूढ पात्र प्रत्यक्ष सांताक्लॉज असल्याचे सुचवून सामाजिक दबावाला चमत्काराचे प्रमाणपत्र देण्यात आले आहे. मूळ कादंबरी निदान अखेरीस ल्यूथरच्या मनात पुढील वर्षाचा विचार पुन्हा डोकावू देते. ती एक बारीकशी फट आहे, आणि तेवढ्या फटीतून कादंबरीचा मूळ प्रामाणिकपणा अद्याप दिसतो.

निष्कर्ष

‘स्किपिंग ख्रिसमस’ ही श्रेष्ठ कलाकृती नव्हे. तिची पात्रे बहुतांशी ठोकळेबाज आहेत, नोराच्या मनाचा तळ लेखकाने शोधलेला नाही, आणि सणाच्या तयारीचे ओझे मुख्यतः स्त्रीच्या माथी कसे असते, याकडे केवळ विनोदाच्या ओघात पाहिले आहे. तथापि, घराची दर्शनी बाजू ही खाजगी मालमत्तेवर उभी असलेली सार्वजनिक भाषा आहे आणि त्या भाषेत मौन पाळणाऱ्याला समाज कसे वागवतो, हा प्रश्न इतक्या सोप्या कथेतून उभा करणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडेही प्रश्न वेगळा नाही. आकाशकंदील असो, तारा असो वा इमारतीला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा असोत, एखादी खिडकी अंधारी राहिली की तिच्याविषयी कुजबुज सुरू होते. त्या खिडकीमागे शोक असेल, आजार असेल, परवड असेल, वेगळी श्रद्धा असेल किंवा केवळ नको म्हणण्याची इच्छा असेल.

दारापुढचा दिवा स्वागताचा असेल, तर त्याने न लागलेल्या दिव्याचेही स्वागत केले पाहिजे. ग्रिशॅम यांची कादंबरी या विचाराच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि तेथूनच मागे वळते. तरीही वॉल्ट आणि बेव्ह यांच्या दारात, रस्त्यावरच्या सर्व दिव्यांकडे पाठ करून उभा असलेला ल्यूथर वाचकाच्या लक्षात राहतो. कादंबरीचे मूल्य ठरवताना छपरावरच्या फ्रॉस्टीपेक्षा त्या दाराशी घडलेल्या प्रसंगाला अधिक वजन द्यावे लागते.